जुनी नळी, नवा नेम

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज मुकुंद नरवणे सुरतजवळच्या हजिऱ्यात होते. लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या शंभराव्या के-९ वज्र तोफेला त्यांनी हिरवा झेंडा दाखवला. २०१७ साली झालेल्या करारातली ही शेवटची तोफ. वजन सुमारे पन्नास टन, रणगाड्यासारखी साखळीपट्ट्यांवर धावणारी, गोळा टाकून लगेच जागा बदलणारी. वर्तमानपत्रांनी तिला अत्याधुनिक म्हटले आणि त्यात काही चूक नव्हती. मात्र तिच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर आहे, आणि हे माप फ्रेंचांनी १८७०च्या दशकात ठरवलेले आहे. प्रशियाकडून सपाटून मार खाल्ल्यावर फ्रान्सने आपला तोफखाना नव्याने उभारला, तेव्हा द बांज या अधिकाऱ्याने बनवलेल्या तोफेचे ते माप. के-९चा मूळ कोरियन आराखडाही काही कालचा नाही. दक्षिण कोरियाच्या सैन्यात ती १९९९ साली दाखल झाली.

त्याच हजिऱ्यात ६ जुलै २०२४ रोजी डीआरडीओचे प्रमुख डॉ. समीर कामत यांनी ‘जोरावर’ या नव्या हलक्या रणगाड्याची पाहणी केली. लडाखच्या उंचीवर चढवता यावा म्हणून त्याचे वजन सुमारे पंचवीस टनांवर राखले आहे. त्याच्यावरची तोफ १०५ मिलिमीटरची. चेन्नईजवळच्या आवडीत १९६०च्या दशकात तयार होऊ लागलेल्या विजयंता रणगाड्याची तोफही १०५ मिलिमीटरचीच होती. विजयंता सेवेतून केव्हाच गेला. आता तो छावण्यांच्या फाटकांशी आणि शहरांच्या चौकांत चौथऱ्यावर बसलेला दिसतो, पोरे त्याच्या नळीवर चढून फोटो काढतात. त्याच्या तोफेचे माप मात्र हजिऱ्याच्या नव्या रणगाड्यावर परत आले.

जुनी लष्करी शस्त्रे आजच्या सैन्याला उपयोगी आहेत की नाहीत, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका सरळ नाही. ‘जुने’ म्हणजे नेमके काय जुने? आराखडा जुना, की हातात असलेली प्रत्यक्ष बंदूक जुनी, की तिच्यात भरायचे काडतूस जुने, की तिच्यावरची दुर्बीण जुनी? या चार गोष्टींचे वय वेगवेगळे असते आणि त्या वेगवेगळ्या वेळी म्हाताऱ्या होतात. जन्मसाल पाहून शस्त्राला भंगारात काढणारे चुकतात. ‘पूर्वीच्या लोखंडाची सर आताच्याला नाही’ म्हणत जुन्याची आरती करणारे त्याहून जास्त चुकतात. पुढील पानांत रायफली, मशीनगनी, विमानवेधी तोफा आणि मैदानी तोफखाना यांचा जो विचार केला आहे, तो या चार वयांचा हिशेब वेगवेगळा ठेवून.

या विषयाची सुरुवात सुरतेपासून करण्यामागे हजिरा हे एकच कारण नाही. तापीकाठचा सुरतेचा किल्ला गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंद खान याने १५४०च्या दशकात बांधला तो पोर्तुगीजांच्या जाचाला उत्तर म्हणून. त्याच्या काही वर्षे आधी, १५३८ साली, तुर्की सुलतान सुलेमानाचे आरमार दीवच्या वेढ्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यावर आले होते. वेढा फसला, आरमार परत गेले, पण जड तोफा मागे राहिल्या. इजिप्तमध्ये १५३१ साली ओतलेली ‘नीलम’ तोफ आजही जुनागडच्या उपरकोटावर पाहायला मिळते. १५७३च्या फेब्रुवारीत अकबराने सुरतेचा किल्ला घेतला, तेव्हा त्यालाही तिथे सुलेमानाच्या नावाच्या मोठ्या तोफा सापडल्या आणि त्या आग्र्याला नेण्याचा त्याने हुकूम दिला. जवळजवळ पस्तीस वर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पडलेला, मूळ मालकाने टाकून दिलेला तो माल होता. हिंदुस्थानातल्या सर्वात बलाढ्य बादशहाला तो शेकडो कोस ओढून नेण्याइतका मोलाचा वाटला. त्या काळी पितळी तोफेचे मोल धातूतच असे, आणि गोळा दगडाचाही चाले. शस्त्राला दीर्घायुष्य मिळत होते ते त्याच्या गरजा थोड्या होत्या म्हणून.

दुसरी नोंद ६ जानेवारी १६६४ नंतरच्या चार-पाच दिवसांची. शिवाजी महाराज सुरतेत आले आणि सुभेदार इनायत खान किल्ल्याचे दरवाजे लावून आत बसला. बुरुजांवर तोफा होत्या, दारूगोळा होता. पण त्या माऱ्याने मराठ्यांपेक्षा शहरातल्या घरांचेच जास्त नुकसान झाले, असे इंग्रज वखारीच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. त्याच शहरात वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने सुवाळीच्या बंदरातल्या जहाजांवरून खलाशी आणून मूठभर माणसांनिशी आपली वखार राखली. किल्ल्यावरच्या तोफा त्या काळच्या मानाने जुनाट नव्हत्या. त्या चालवणाऱ्यांना नेम कुठे धरायचा आणि कशासाठी, हे ठाऊक नव्हते. शस्त्राच्या वयाची चर्चा करताना माणसाचा हा हिशेब बहुतेक वेळा राहून जातो.

आता बंदुकीकडे येऊ. बंदुकीचे आयुष्य तिच्या पोलादाइतकेच काडतुसावर अवलंबून असते, आणि मराठी मुलखाचा या कथेशी संबंध आहे तो मुख्यतः काडतुसांमुळे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथे बनलेल्या .३०३ काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ असा ठसा असे आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर तो ठसा जगभर फिरला. दुसरा कारखाना खानदेशात, भुसावळजवळच्या वरणगावला. १९६०च्या दशकात उभा राहिला. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली जी हजारो मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्या गावाकडच्या ओळखीपाळखीत वरणगाव किंवा भुसावळच्या ऑर्डनन्समध्ये ‘लागलेला’ कोणी ना कोणी निघतोच. सुरत–भुसावळ या ताप्ती लाईनच्या एका टोकाला आज तोफा बनतात आणि दुसऱ्या टोकाला काडतुसे, हा योगायोग या प्रवाशांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

काडतूस बनत राहिले तर बंदूक जगते. रशियाच्या झारने १८९१ साली मोसिन रायफलीसाठी घेतलेले ७.६२×५४ मिलिमीटरचे काडतूस आजही रशियन सैन्यात आहे. इतकेच काय, भारतीय सैन्याच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीत आणि टी-९० रणगाड्याच्या मशीनगनमध्येही तेच भरले जाते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, राज्यपद्धती तीनदा बदलली, काडतूस बदलले नाही. ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी १९०२ सालची. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी मिळून बनवलेले ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये लोकांसमोर आले. त्याचे काही भाग थ्री-डी प्रिंटिंगने तयार केले होते. गोळी मात्र तीच, १९०२ची. नवी गोळी काढायची म्हणजे कारखान्यातली यंत्रे, साठ्याची कोठारे, पुरवठ्याच्या गाड्या आणि मित्रदेशांशी असलेला मेळ हे सगळे बदलावे लागते. त्यापेक्षा नवी बंदूक काढणे कितीतरी सोपे.

भारतीय पायदळाची गेल्या तीस वर्षांतली वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९९०च्या दशकात इन्सास रायफल आली. ५.५६ मिलिमीटरची, हलकी, काळाबरोबर चालणारी. १९९९च्या कारगिलमध्ये थंडीने तिची प्लॅस्टिकची मॅगझिन्स तडकल्याच्या तक्रारी आल्या आणि जवानांचे मन तिच्यावर पुन्हा कधी बसले नाही. तिची जागा घ्यायला २०१९ साली अमेरिकेतून ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या. २०२४ साली आणखी ७३,००० मागवल्या. त्यांचे काडतूस ७.६२×५१ मिलिमीटर, म्हणजे १९५०च्या दशकातले, जे इन्सासच्या आधीच्या एसएलआरमध्ये होते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनवण्याचा करार झाला. त्यांचे काडतूस ७.६२×३९ मिलिमीटर, हे तर १९४३चे, दुसरे महायुद्ध चालू असतानाचे. ‘आधुनिक’ म्हणून घेतलेली रायफल बाजूला झाली आणि तिच्या जागी आलेल्या दोन्ही रायफलींची गोळी तिच्या गोळीपेक्षा वयाने मोठी. डोंगरात दूरचा शत्रू पहिल्याच गोळीत आडवा व्हावा, ही जवानाची मागणी होती आणि ती जुन्या गोळीने जास्त चांगली भागते. यात मागे जाणे काही नाही. सैन्याने गरज आधी ठरवली आणि साल नंतर पाहिले, इतकेच.

याचा अर्थ शस्त्रागारात धूळ खात पडलेल्या एसएलआर पुन्हा काढून द्याव्यात असा कोणी घेऊ नये. सिग-७१६ ची गोळी जुनी असली तरी तिच्यावर दुर्बीण, टॉर्च, लेझर बसवायला पट्टी आहे आणि दस्ता खांद्याच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. एसएलआर लांब, जड आणि हट्टी. तिच्या झाकणावर दुर्बीण बसवायची म्हणजे खटाटोप, आणि रात्रीच्या लढाईत उघड्या डोळ्यांनी माशी आणि खाच जुळवणारा जवान समोरच्या नाइट व्हिजनवाल्यापुढे आंधळाच असतो. कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठारात, वर्षानुवर्षे ठेवलेल्या रायफलीचे आणखी एक दुखणे असते. नळीतल्या आट्या झिजलेल्या असतात, स्प्रिंगा सैल पडलेल्या असतात, आणि सुट्टा भाग मागवावा तर तो बनवणारी ओळच कारखान्यातून उठलेली असते. मग दोन कंडम रायफली मोडून एक चालू रायफल उभी करायची, हा उद्योग सुरू होतो. शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या आरमोररला तो अवगत असतो, पण त्यावर युद्धाचे नियोजन करता येत नाही.

जुन्या शस्त्राच्या बाजूचा अलीकडचा सर्वात भक्कम पुरावा ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, मे २०२५ मध्ये, मिळाला. ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे भारताच्या अधिकृत निवेदनात सांगितले गेले. त्यांना पाडण्यात एस-४०० आणि आकाश क्षेपणास्त्रांचे नाव गाजले, पण खालच्या थरात ज्यांनी काम केले त्यांत एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफा होत्या. एल-७० ही स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची ४० मिलिमीटरची तोफ. दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेचच तिचा आराखडा झाला, १९५०च्या दशकात ती पश्चिम युरोपभर पसरली आणि १९६०च्या दशकात भारतात आली. झेडयू-२३ आणि शिल्का या रशियन बहिणीही त्याच दशकातल्या. क्षेपणास्त्रे आल्यावर या तोफांचे दिवस संपले, असे कितीतरी वेळा लिहिले गेले होते. जेट विमानापुढे त्या खरोखरच तोकड्या पडू लागल्या होत्या.

मग ड्रोन आले आणि आकाशातले लक्ष्यच बदलले. ड्रोन हळू उडतो, खालून उडतो, कचकड्याचा असतो आणि थव्याने येतो. कोट्यवधी रुपयांचे क्षेपणास्त्र त्याच्यावर टाकणे म्हणजे शत्रूला हवे तेच करणे. मिनिटाला तीनशेच्या आसपास गोळे फेकणारी तोफ मात्र या कामाला अगदी योग्य. पण १९६५ची एल-७० जशीच्या तशी उभी केली असती तर रात्रीच्या अंधारात तिचा काही उपयोग झाला नसता. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला उष्णतेवरून वेध घेणारा कॅमेरा, दिवसाचा कॅमेरा, लेझर अंतरमापक आणि विजेवर फिरणारी यंत्रणा बसवली होती. हातचक्र फिरवून नेम धरण्याचा काळ गेला. नळी स्वीडिश, साठ वर्षांची. डोळा भारतीय, ताजा. या दोघांतला कुठलाही एक वजा केला तर त्या रात्रीचा हिशेब जमत नाही.

सुरतेचे नाव घेऊन समुद्रात फिरणारी विनाशिका हाच धडा वेगळ्या रीतीने देते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस सुरत १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. तिच्या बोधचिन्हावर हजिऱ्याचा जुना दीपस्तंभ आहे. ब्राह्मोस आणि बराक क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या या नौकेवर पुढच्या बाजूला ७६ मिलिमीटरची तोफ आहे, मूळ इटालियन आराखडा १९६०च्या दशकातला; आणि बाजूंना एके-६३० या सहा नळ्यांच्या रशियन तोफा, त्याही शीतयुद्धातल्या. नौका बांधणाऱ्यांना जागेची आणि पैशाची ददात होती म्हणून त्या बसवल्या असे कोणी म्हणणार नाही.

तोफखान्यात तर जुन्याला नवे करण्याची परंपराच आहे. १३० मिलिमीटरची एम-४६ ही सोव्हिएत तोफ १९५०च्या दशकातली. १९७१च्या युद्धात ती गाजली, कारगिलमध्ये तिने साथ दिली. २०१८ साली अशा ३०० तोफांची नळी बदलून त्यांना १५५ मिलिमीटर करण्याचा करार झाला आणि या नव्या अवताराला ‘शारंग’ नाव मिळाले. पल्ला सत्तावीस किलोमीटरवरून छत्तीसच्या पुढे गेला आणि गोळ्यातली स्फोटके दुपटीहून अधिक झाली. गाडा जुना, चाके जुनी, नळी नवी. नवी तोफ विकत घेण्यापेक्षा खर्च अर्थातच कितीतरी कमी. नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयात ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि अमेरिकन एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या. नवी तोफ आणि नळी बदललेली जुनी तोफ अशी दोन्ही पोरे एकाच तोफखान्यात त्यानंतर नांदू लागली.

खांद्यावरून डागायच्या कार्ल गुस्ताफची गोष्टही अशीच. स्वीडनमध्ये १९४८ साली जन्मलेले हे ८४ मिलिमीटरचे हत्यार भारताने १९७०च्या दशकात घेतले. पलटणीत त्याला नुसते ‘आरएल’ म्हणतात. जुन्या नळीचे वजन चौदा किलो होते, नंतरची दहाची, आणि आताची सातहून कमी. गोळा सगळ्यांत तोच चालतो. सह्याद्रीतल्या पोराला पाठीवरून सात किलो उतरल्याचे मोल सियाचीनच्या चढावर कळते. त्यासाठी वेगळा अभ्यास नको.

काही ठिकाणी मात्र कुठलाही बदल न करताही जुनी बंदूक पुरते, कारण काम बदललेले नसते. कॅनडाच्या उत्तरेकडे गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स १९४०च्या दशकापासून ली-एनफिल्ड .३०३ वापरत आले. बर्फात अडकत नाही, ध्रुवीय अस्वलावर चालते, दुरुस्ती घरच्या घरी होते. २०१०च्या दशकात ती बदलावी लागली ती सुटे भाग मिळेनात म्हणून, आणि तिच्या जागी आली तीही बोल्टचीच रायफल. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाडीवरून फिरणारे डेन्मार्कचे सिरियस पथक तर पहिल्या महायुद्धातली एम-१९१७ रायफल वर्षानुवर्षे बाळगत आले. या माणसांसमोर एके घेतलेला शत्रू नाही, हे विसरून चालत नाही.

युक्रेनच्या रणांगणावर एकाच पिढीतल्या दोन शस्त्रांचे नशीब किती वेगळे ठरले, ते पाहण्यासारखे आहे. हायरम मॅक्सिमने १८८४ साली केलेल्या मशीनगनचे रशियन रूप १९१० सालचे. युक्रेनच्या कोठारांतून ते बाहेर आले. पाण्याने थंड होणारी जड नळी हे एके काळी तिचे ओझे होते, पण खंदकात पक्की बसवली की तीच नळी तासन्‌तास गोळ्या ओकत राहते आणि तापत नाही. २०२३ साली बाखमुतच्या आघाडीवर ती लढत होती, पुढे दोन-दोन जोडून ड्रोन पाडायलाही वापरली गेली. दुसरीकडे २०२२ साली दोनेत्स्क भागात बळजबरीने भरती केलेल्या माणसांच्या हाती मोसिन रायफली देण्यात आल्या, त्याच १८९१च्या. पाच गोळ्या, दर गोळीला बोल्ट मागे-पुढे. एका जागी बसून काम करणारे शस्त्र म्हातारे झाले तरी चालते; चालत जाऊन लढणाऱ्याच्या हातातले म्हातारे शस्त्र म्हणजे त्या माणसाचा जीव स्वस्त ठरवणे.

भारताला हे १९६२ साली चीनशी झालेल्या युद्धात कळले. नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये आपल्या पायदळाच्या हाती .३०३ होती. दहा गोळ्यांची, अचूक, खणखणीत बंदूक. सराईत जवान मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या टाकी. समोर स्वयंभरणी रायफली आणि कलाश्निकोव्हच्या चिनी आवृत्त्या होत्या. १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्या तेरा कुमाऊंच्या कंपनीने त्याच बंदुकीने जे केले त्याला तोड नाही. ११४ जवान तिथेच पडले. त्या पराक्रमाचे श्रेय बंदुकीला देऊ नये. युद्धानंतर घाईने दोन गोष्टी झाल्या. एसएलआर बनवायला घेतली, आणि ती पुरेशी होईपर्यंतची तजवीज म्हणून ईशापूरच्या कारखान्याने .३०३च्याच आराखड्यावर नव्या ७.६२ काडतुसाची २-ए ही बोल्ट रायफल काढली. जगातल्या नियमित सैन्यासाठी बनलेली ती बहुधा शेवटची बोल्ट रायफल. सैन्यात तिचे दिवस थोडेच होते. नंतर ती पोलीस आणि होमगार्डकडे गेली.

इथे या विषयातला सर्वात अप्रिय भाग येतो. भारतात जुनी बंदूक सहसा मरत नाही, खाली उतरते. सैन्याने टाकलेली पोलिसांना, पोलिसांनी टाकलेली होमगार्डला, आणि शेवटी नळीत भोक पाडून एनसीसीच्या पोरांना कवायतीसाठी ‘डीपी’ म्हणून. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तशी ही उतरंड आहे. काटकसर म्हणून ती समजू शकते. एनसीसीच्या कवायतीला, शहिदाच्या अंत्यसंस्कारात हवेत फैरी झाडायला .३०३ काही वाईट नाही. मानवंदनेच्या एकवीस तोफांसाठीही दुसऱ्या महायुद्धातल्या पंचवीस पौंडी तोफा २०२२पर्यंत चालल्याच. २६ जानेवारी २०२३ला त्यांची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी घेतली. सोहळ्यात जुने शोभून दिसते.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सोहळा नव्हता. दोन माणसे एके घेऊन प्रतीक्षागृहात शिरली आणि तिथे पहाऱ्यावर असलेल्यांकडे लाठ्या आणि थ्री नॉट थ्री होत्या. काहींनी त्याही स्थितीत प्रतिकार केला. त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसे मेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्या दोघांपैकी कसाबच्या एकेची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांच्या हाती तेव्हा बंदूक नव्हतीच. त्यांना अशोकचक्र मिळाले. २००९ साली महाराष्ट्राने नव्या शस्त्रांनिशी फोर्स वन उभारले. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२०च्या संचलनात, म्हणजे रेझांग लानंतर सत्तावन्न वर्षांनी.

विशेष दल घटनास्थळी पोहोचेपर्यंत पहिली दहा मिनिटे ठाण्याच्या साध्या शिपायाची असतात, आणि तो चालत, धावत, आडोसा घेत लढतो. पुढील पानांत जुन्या तोफांची, जुन्या मशीनगनींची आणि जुन्या काडतुसांची जी बाजू मांडली आहे, ती सैन्यासाठी आहे, आणि तीही डोळा नवा बसवला असेल, दारूगोळा ताजा असेल आणि काम तेच असेल तरच. सुरत, मुंबई किंवा भुसावळच्या स्थानकावर उभ्या असलेल्या शिपायाच्या हाती सैन्याने टाकलेली बोल्ट रायफल देण्याचे समर्थन त्यातल्या एकाही प्रकरणात सापडणार नाही.